देवाला विचारून फोडलेला खडा

मासळीबाजारात माझी ओळख लपत नाही. सुरमई बघायला जरा वाकलो की पलीकडून आवाज येतो, "गे बाय, ह्यांना ताजी दे हां, ह्यांनीच माज्या तोंडातनं नळी घातलेली." आजूबाजूची चार गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघतात. बायको बरोबर असली तर ती दोन पावलं लांब सरकते. रत्नागिरीत इतकी वर्षं काढली, पण माझ्या नावामागच्या पदव्या कुणाला ठाऊक नाहीत. 'दुर्बीणवाला डाक्टर' एवढं म्हटलं की रिक्षावाला बरोबर दवाखान्याच्या दारात आणून सोडतो. या बिरुदाचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'जरा विनयाने लिहा' असं सुचवलं होतं, पण ते मला जमेलसं वाटत नाही.

आमचं काम थोडक्यात सांगतो. यकृतात पित्त तयार होतं आणि एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. वाटेत या नळीला एक पिशवी लटकलेली असते, तिच्यात पित्त साठतं आणि कधी कधी त्याचे खडे बनतात. माझं लहानपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं. वडील पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते, त्यामुळे डोंगराच्या पोटातून पाणी खाली कसं आणतात हे मला पाढ्यांच्या आधी समजलं. बोगदा तुंबला की वीजघर थांबणार, तशी पित्ताची नळी तुंबली की माणूस पिवळा पडणार. त्यात पू झाला तर थंडी वाजून ताप भरतो, आणि मग हातात वेळ फार थोडा असतो.

तोंडातून दुर्बीण घालायची, जठर ओलांडायचं आणि आतड्याच्या पहिल्या वळणावर थांबायचं. तिथे पित्ताच्या नळीचं तोंड असतं, जेमतेम तिळाएवढं. या दुर्बिणीचा डोळा पुढे नसतो, कुशीला असतो, म्हणजे गाडी सगळा वेळ खिडकीतून बघत चालवायची. तोंड सापडलं की त्याला बारीक छेद द्यायचा, आत तारेची टोपली सारायची, खडा पकडायचा आणि आतड्यात ओढून सोडून द्यायचा. पुढची वाट तो आपली आपण शोधतो.

आमच्याकडे कावीळ झाली की लोक आधी माळ घालतात. गावात कुणीतरी मंतरलेली माळ देणारा असतो. ती डोक्यावर ठेवायची, मग ती लांबत लांबत गळ्यात, छातीवर उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते असं मानतात. मी माळेवर कधी चिडत नाही. नळीतला खडा खरोखरच मागेपुढे सरकतो, वाट थोडी मोकळी होते आणि डोळे पांढरे दिसायला लागतात. श्रेय माळेला जातं. खडा पुन्हा बसला की मग माझी आठवण होते. कुवारबावच्या एका मास्तरांच्या गळ्यातली माळ बेंबीपर्यंत आली होती, तरी मास्तर हळदीसारखे पिवळे. "माळ तर उतरली, मी का नाही उतरलो?" असं त्यांनी मलाच विचारलं.

बहुतेक खडे टोपलीत येतात. काही मात्र इतके मोठे आणि घट्ट बसलेले असतात की टोपलीला भोवती उघडायलाच जागा उरत नाही. अशांसाठी लेझर. मोठ्या दुर्बिणीतून एक पेन्सिलीहून बारीक दुर्बीण थेट पित्ताच्या नळीत न्यायची, खडा डोळ्यांनी बघायचा आणि केसासारख्या काचेच्या तंतूतून लेझरचे ठोके देऊन त्याचे तुकडे करायचे. पोटावर ओरखडासुद्धा येत नाही. ही सोय मुंबईत होती, पुण्यात होती, आमच्याकडे नव्हती. वडिलांबरोबर पोफळीला काम केलेल्या एका काकांचा खडा असाच हट्टी निघाला. मी त्यांना मुंबईला जायला सांगितलं. "आंबा उतरू दे, मग जातो" म्हणाले. आंबा उतरला, मग लावणी आली, मग नळीत पू झाला. काका गेले तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, पण कुणावर ते कळेना. मुंबई इथून एका रात्रीवर आहे. आजारी माणसाला मात्र ती खूप लांब असते.

अनुसूयाकाकी माझ्याकडे आल्या त्या यानंतर. काकी पूर्णगडच्या. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन गावोगाव हिंडण्यात त्यांचा जन्म गेला. आता टोपली सुनेच्या डोक्यावर असते, पण भाव अजून काकीच ठरवतात. मुलगा दिगंबर होडीवर तांडेल आहे, म्हणजे होडी आणि तिच्यावरची माणसं त्याच्या हुकमतीत. आईच्या हुकमतीत तो स्वतः. काकींचे डोळे पिवळे झाले होते, अंगाला खाज सुटली होती, आणि नळीत खडा आहे हे ऐकल्यावर त्यांनी मलाच फैलावर घेतलं.

"पिशवी मुंबैला काढून टाकलीय," त्या म्हणाल्या. "मंग खडा बसंल तो कशात?"

पिशवी गेली तरी नळी राहते आणि नळीतही खडा होऊ शकतो, हे मी चित्र काढून समजावलं. त्यांनी ते चित्र उलटंसुलटं करून बघितलं, पण त्यांना पटलं नाही. दुर्बीण घातल्यावर दिसलं ते मलाही आवडलं नाही. खडा सुपारीहून मोठा होता आणि नळीत पाचरीसारखा बसलेला. टोपली उघडेना, खडा ओढून आणायचा फुगाही त्याच्यापुढे हलेना. शेवटी खड्याच्या कडेने मी प्लॅस्टिकची एक बारीक नळी बसवली, पित्ताला वाट करून दिली आणि बाहेर आलो. काकींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे जाळ्यापक्षा मासा मोटा."

मोठं ऑपरेशन करून खडा काढता आला असता. पण काकींच्या हृदयाची एक झडप अरुंद होती आणि पोट उघडून तास दोन तास भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. आमचे सर्जन कसेबसे तयार झाले. घरच्यांनी मात्र गावाला जाऊन देवाला कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, सगळ्यांच्या वतीने देवाला प्रश्न घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. काकींच्या ऑपरेशनला डावा कौल आला. खरं सांगायचं तर मी मनातून सुटलो, कारण ते ऑपरेशन मलाही नको होतं. फक्त हे देवाकडून ऐकायची मला सवय नव्हती.

मुंबईला लेझर करून घ्या, असं मी सुचवून पाहिलं. काकींनी तो विषय उंबऱ्याबाहेरच थोपवला. पिशवीच्या वेळी त्या मुंबईला दिराच्या खोलीत महिनाभर पडून होत्या आणि तेवढ्यात इथली बांधलेली गिऱ्हाइकं दुसरीने पळवली, हे त्यांचं दुखणं खड्याहून जुनं होतं. मग राहिली ती प्लॅस्टिकची नळी. ही नळी दर तीन महिन्यांनी बदलावी लागते, नाहीतर ती स्वतःच तुंबते. काकी पहिल्या काही वेळा आल्या, मग नाही आल्या. बांगडा भरपूर लागला होता आणि अंगात दुखणं काही नव्हतं. बरं वाटत असताना डॉक्टरकडे जायचं, ही कल्पना आमच्या भागात अजून रुजायची आहे.

एका सकाळी दिगंबर त्यांना उचलूनच घेऊन आला. ताप, थंडी, रक्तदाब खाली गेलेला, आणि काकी कुणाला तरी पापलेटचा भाव सांगत होत्या. तुंबलेली प्लॅस्टिकची नळी ओढली तर मागून पू आला. नवी नळी घातली, औषधं चालू केली आणि पुढचे काही दिवस आम्ही सगळे काकींच्या लघवीच्या पिशवीकडे डोळे लावून बसलो. त्या वाचल्या. घरी सोडताना मी दिगंबरला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर माझ्याच्याने होईल याची खात्री नाही. नंतर सून म्हणाली की हल्ली तो लांबच्या पाण्यात जात नाही, मोबाइलला रेंज असते तिथवरच होडी नेतो.

त्याच सुमारास आमच्या इमारतीतल्या मुतखड्याच्या डॉक्टरांनी नवं लेझर यंत्र आणलं. त्यांना आम्ही सगळे बापू म्हणतो. तेच यंत्र पित्ताच्या खड्याला चालतं, फक्त दुर्बीण वेगळी लागते आणि हात वेगळा लागतो. मी मुंबईच्या एका मित्राकडे जाऊन, माझ्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरांच्या रांगेत उभं राहून, ते शिकून आलो. परत आल्यावर बापूंकडे यंत्र मागितलं. "घेऊन जा," ते म्हणाले, "मुतखड्यावरून पित्तावर म्हणजे यंत्राला बढतीच की."

आता पेशंट तयार, यंत्र तयार, मी तयार, आणि दिगंबर नाही. देव एकदा 'नको' म्हणाला आहे, त्याला डावलून आईच्या अंगाला हात लावू देणार नाही, यावर तो अडून बसला. मी सांगितलं की तुम्ही देवाला पोट उघडायचं विचारलं होतं, मी पोट उघडणार नाही.

"मंग तुमीच येवन सांगा," तो म्हणाला. "मला गुरवाला नाय समजावता येयाचं."

मी चिडलो होतो. दवाखाना सोडून, पावसवरून गाडी काढून मी पूर्णगडला गेलो तो चिडलेलाच. वाडीच्या देवळात दहा-पंधरा माणसं जमली होती, काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. गुरव म्हातारे होते, त्यांना ऐकू जरा कमी येत होतं, त्यामुळे पित्ताची नळी म्हणजे काय हे मला अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं लागलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, हत्यार चुकलं तर काय होईल?

मी कबूल केलं की नळीला भोक पडू शकतं, आणि तसं झालं तर पोट उघडावं लागेल. दिगंबरने मान खाली घातली. गुरवांनी पुढचं विचारलं, आणि नाहीच केलं तर?

"नाही केलं तर पुन्हा पू होईल," मी म्हणालो. "कधी, ते सांगता येत नाही. पण होईल, आणि त्या वेळी काकी जातील."

पेशंटला धोके सांगायचे असतात हे आम्ही रोज करतो, कागदावर सही घेतो आणि मोकळे होतो. काकींसमोर, त्यांच्या माणसांसमोर, एवढं उघडं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गुरवांनी देवासमोर उभं राहून सगळं जसंच्या तसं मांडलं. पोट उघडायचं नाही, तोंडातून जायचं आहे, उजेडाने खडा फोडायचा आहे, चुकलं तर असं होईल, राहिलं तर तसं होईल, डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेला आहे, आता तुझं काय म्हणणं आहे. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसले.

पाकळ्या पडेनात. बाहेर कुणाचं तरी इंजिन सुरू झालं आणि बंद झालं. एरवी असल्या गोष्टींकडे मी गंमत म्हणून बघतो, पण त्या दिवशी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. डावी पडली असती तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही सांगता येत नाही. उजवी पडली. गडबड अशी कुणी केली नाही. काकी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला. कदी येव ता सांगा."

लेझरच्या दिवशी बापू स्वतः यंत्रापाशी उभे राहिले. मी दुर्बीण धरली होती आणि मयेकर सिस्टर पाणी सोडत होत्या. या कामात पाणी फार महत्त्वाचं. कमी पडलं तर दिसत नाही आणि नळी भाजते, जास्त झालं तर दाब वाढून जंतू रक्तात जातात. मयेकर सिस्टर माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांचा हात चाललेला असतो. बारीक दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर तो खडा पहिल्यांदा नीट दिसला. इतके दिवस मी फक्त त्याची सावली बघत होतो. तपकिरी, खरबरीत, आणि नळीच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेला. खडा आणि भिंत यांच्यामध्ये नखाएवढीही फट नव्हती. लेझरचा हिरवा ठिपका मी बरोबर मधोमध ठेवला आणि बापूंना मान हलवून सांगितलं.

ठोके सुरू झाले. ठिणगी दिसते, पडद्यावर धूळ उडते, मग गढूळ होतं. थांबायचं, पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, निवळलं की पुन्हा. दहा वेळा थांबावं लागलं तरी न दिसता ठोका मारायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम आणि शेवटचाही. खड्याला तडा गेला तेव्हा बापूंनी शीळ घातली. आणि नेमकं तेव्हाच भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या की काकींच्या हृदयाचे ठोके बिघडलेत, थांबा.

मी हात जागच्या जागी ठेवला. खडा अर्धा फुटलेला, काकींचा रक्तदाब घसरत चाललेला. तिथेच आवरतं घेऊन पुन्हा प्लॅस्टिकची नळी घालून बाहेर येता आलं असतं, आणि ते चूक म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं. पण मग काकी पुन्हा त्याच जागी आल्या असत्या, आणि अशी भूल दुसऱ्यांदा द्यायला मॅडम तयार झाल्या नसत्या. मी म्हणालो की तुम्ही सांगेपर्यंत मी हलत नाही, तुम्ही बाहेर या म्हणालात तर येईन. मॅडम औषधं देत राहिल्या. आम्ही तिघं पडद्यावरच्या त्या तडकलेल्या खड्याकडे बघत उभे राहिलो. माझा खांदा भरून आला, पण दुर्बीण सुताएवढी सरकू दिली नाही, आणि हे लिहिताना मला आजही छाती फुगवावीशी वाटते. मग मॅडम म्हणाल्या, "करा, पण लवकर."

लवकर नाही केलं. जेवढा वेळ लागतो तेवढाच घेतला. तुकड्याचे तुकडे केले, फुग्याने एकेक ओढून आतड्यात सोडला, आणि शेवटी नळीत औषध भरून एक्स-रे घेतला. नळी वरपासून खालपर्यंत भरली, मध्ये कुठेही सावली नाही. मयेकर सिस्टरनी सवयीने नवी प्लॅस्टिकची नळी पुढे केली होती. मी म्हणालो, नको. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काकी काहीही आत न ठेवता टेबलावरून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे खडा काढला की तो बाटलीत घालून पेशंटच्या उशाशी ठेवतात. भेटायला येणारा प्रत्येक जण बाटली हलवून बघतो, आपल्या मेहुण्याचा खडा याहून मोठा होता असं सांगतो आणि मगच चहा घेतो. लेझरमध्ये दाखवायला काही उरत नाही. काकींनी बाटली मागितली. भुगा आतड्यातून गेला, हे त्यांना अजिबात रुचलं नाही. "येवडा छळलान नि मी त्याचं तोंडपन बगायचं नाय?" शेवटी सिस्टरनी पडद्यावरचं चित्रण दिगंबरच्या मोबाइलवर दिलं. ते पूर्णगडात घरोघरी फिरलं. काकी बोट ठेवून ठेवून सगळ्यांना खडा कुठे फुटला ते दाखवत होत्या, असं सून सांगत होती.

त्यानंतर महिन्याभराने दिगंबर बोलवायला आला. आईने देवाला बोललेलं फेडायचं होतं आणि मी यायलाच हवं होतं. मी बापूंना आणि मयेकर सिस्टरना घेऊन गेलो. काकींनी नारळ वाढवला. डोळे पांढरेस्वच्छ, चेहऱ्यावर तोरा, आणि जेवायला सुरमई कोणत्या जागी कापायची यावरून आतल्या बायकांना सूचना चालू. देवळात सगळी वाडी जमली होती. गुरव उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांसाठी देवाला मोठ्याने केलेली विनवणी. गुरवाचं एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात 'होय महाराजा' म्हणतात.

"बा देवा महाराजा," गुरव म्हणाले, "आज ही तुजी लेक अनुसूया तुज्या पायाशी बरी होवन उबी हाय."

"होय महाराजा," वाडी म्हणाली.

"तिच्या पोटातला खडा ह्या डाक्टरान् फोडलान. त्याच्या हाताला तू यश दिलंस, तसंच त्याच्या हाताला नि त्याच्या मशीनला कायम यश दे रे महाराजा."

"होय महाराजा."

बापू माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. मी हात जोडून उभा होतो, तोंड मात्र मिटलेलं. आपली स्तुती ऐकताना आपणच होकार द्यायचा म्हणजे जरा अवघड. पण गुरवांचं संपलं नव्हतं. त्यांनी श्वास घेतला आणि आवाज आणखी चढवला.

"आणि बा देवा, ह्या डाक्टराची पायरी चडायची पाळी ह्या गावातल्या कुनावरच पुन्ना आनू नको रे महाराजा."

क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर दिगंबरने काकींना उचलून आणलं ती सकाळ आली, आणि आंबा उतरायची वाट बघत राहिलेले पोफळीचे काका आले. मग वाडीच्या आवाजात मीही आवाज मिसळला. मयेकर सिस्टर अजून सांगतात की सगळ्यात मोठ्याने 'होय महाराजा' मीच म्हणालो.